धडगावच्या डोंगरउतारांवरील पाणलोट कामांचे हवाई चित्रण : ड्रोन निवडणाऱ्यांसाठी प्रवासवृत्तांत

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावच्या आसपासच्या सातपुड्यात झालेल्या पाणलोट कामांची हवाई छायाचित्रे घेण्यासाठी आम्ही यंदा होळी उलटल्यावर तिकडे गेलो होतो. उतारावर समान उंचीच्या रेषेत खणलेले सलग समतल चर, अनगड दगडी बांध, तारेच्या जाळीत दगड भरून केलेले गॅबियन बंधारे आणि नाल्याच्या तळाशी एखादा मातीचा बांध असे या कामांचे स्वरूप असते. ही कामे एकाच डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पसरलेली असल्यामुळे जमिनीवरून काढलेल्या छायाचित्रांत त्यांचा परस्परसंबंध दिसत नाही. माथ्यावरचे चर बुजले तर खालचा बांध गाळाने का भरतो, हे आकाशातून घेतलेल्या एका चित्रात गावातल्या कोणालाही समजावून सांगता येते, आणि म्हणूनच या चित्रणाला मी फार महत्त्व देतो.

शहाद्याहून धडगावपर्यंत घाटरस्त्याने एसटी जाते. तेथून पाड्यांकडे जीप मिळते, परंतु शेवटची चढण बहुधा पायीच करावी लागते. ड्रोन, रिमोट, जादा बॅटऱ्या, पाणी आणि उड्डाणासाठी अंथरायचे ताडपत्रीचे चौकोनी आसन हे सारे पाठीवर वाहायचे असल्याने घडी घालता येणारा, साधारण एक किलोच्या आतबाहेरचा ड्रोन अशा जागी योग्य ठरतो. मोठ्या पेटीतून न्यावे लागणारे यंत्र कितीही उत्तम असले तरी डोंगराच्या माथ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि उड्डाण करायचे असते ते नेमके माथ्यावरूनच.

हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. बहुतेक ड्रोन आपली उंची उड्डाणस्थळापासून मोजतात. नाल्यात उभे राहून १०० मीटर उंचीची आखणी केली आणि समोरचा उतार १५० मीटर चढत गेला, तर यंत्र सरळ डोंगरावर जाऊन आदळेल. ‘परत ये’ ही आज्ञा दिल्यावर ते ज्या उंचीवरून माघारी येते, तिलाही हेच लागू होते. शिवाय मध्ये डोंगराची सोंड आली की रिमोटचा संपर्क तुटतो. म्हणून निवड करताना जमिनीच्या चढउतारानुसार उंची बदलण्याची सोय आहे का, हे आधी विचारावे. ही सोय बऱ्याचदा दर ३० मीटरला उंचीची एकच नोंद असलेल्या उपग्रहीय नकाशावर चालते आणि त्यात अरुंद सोंडा सपाट झालेल्या असतात, त्यामुळे पुरेशी मोकळी उंची राखावीच लागते. माथ्यावरून दरीकडे उडवताना उलट अडचण येते : कायद्यातील ४०० फुटांची, म्हणजे १२० मीटरची मर्यादा जमिनीपासून मोजायची असते आणि दरीवर ती क्षणात ओलांडली जाते.

आता कॅमेऱ्याविषयी. अनेक जण मेगापिक्सेलचा आकडा पाहून निर्णय घेतात. माझ्या मते मोजमापाच्या कामात यांत्रिक शटर त्याहून मोलाचे आहे. साध्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. त्याला सेकंदाचा तिसावा भाग लागत असेल आणि ड्रोन सेकंदाला ८ मीटर वेगाने जात असेल, तर चित्राच्या पहिल्या व शेवटच्या ओळींमध्ये सुमारे २७ सेंटिमीटरचे सरकणे होते. नुसती दृश्ये घ्यायची असतील तर ते खपते, परंतु शेकडो चित्रे जोडून नकाशा करायचा असेल तर खपत नाही. चर साधारणपणे ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असतो. चांगल्या सेन्सरने सुमारे ११० मीटरवरून एक पिक्सेल ३ सेंटिमीटरचा पडतो, म्हणजे चराची रुंदी २० पिक्सेल भरते आणि लांबी निर्धोकपणे मोजता येते. खोलीचे मात्र तसे नाही. उंचीतील चूक पिक्सेलच्या दीडपट ते तिप्पट धरावी लागते, म्हणून अर्धवट बुजलेल्या चराची खोली अशा नकाशावरून सांगणे अयोग्य आहे. त्यासाठी ५० मीटरवरून पुन्हा उड्डाण करावे किंवा, जे मी अधिक विश्वासाचे मानतो, टेप घेऊन चरात उतरावे.

शेजारच्या चित्रांत समान येणारा भाग, म्हणजे आच्छादन, पुढे ७५ ते ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के ठेवावे. जमिनीवर चुन्याने मोठ्या फुल्या मारून त्यांचे अक्षांश-रेखांश नोंदवले की नकाशा जागेवर बसतो. आम्ही माथ्यावर, मध्यावर आणि नाल्यात अशा फुल्या मारल्या होत्या. काळ्या खडकावर त्या फार स्पष्ट उमटतात. याच खडकात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असल्याने ड्रोन उघड्या कातळावर ठेवल्यास होकायंत्र तक्रार करते, म्हणून मातीची जागा निवडून तेथे ताडपत्री अंथरावी.

वेळेची निवड यंत्राच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. या दिवसांत मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि तो धूर पहाटे दरीत थरांनी साचून राहतो. ऊन तापू लागले की तो विरतो, परंतु पुढे उन्हासोबत वाराही वाढतो. त्यामुळे कामाचा अवधी साधारण साडेआठ ते साडेदहा एवढाच मिळतो. याच वेळी तिरप्या उन्हाने चराच्या काठाची सावली आत पडते आणि दुपारी मुळीच न दिसणाऱ्या समांतर रेषा उतारावर उठून येतात. त्यातही पश्चिमेकडे उतरणारा भाग सकाळी घ्यावा, कारण तेथे ऊन जमिनीला घासून जाते. पूर्वेकडचा भाग वारा शांत असेल तर संध्याकाळी घ्यावा. ऐन होळीच्या आठवड्यात मात्र कामाचा बेत आखू नये. काठी या गावच्या राजवाडी होळीच्या दिवसांत पाड्यांवर माणसे भेटत नाहीत, आणि त्यांनी तो सण सोडून आपल्यासोबत डोंगर चढावा अशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

कंपनी सांगते ती उड्डाणवेळ वारा नसतानाची असते. डोंगरात तिच्या दोन तृतीयांश वेळेचाच हिशेब धरावा आणि ३० टक्के बॅटरी उरली असताना यंत्र खाली आणावे. बहुतेक लहान ड्रोन ४० अंश तापमानापर्यंतच चालवायचे असतात, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत शहाद्याच्या सपाटीवर दुपारचे उड्डाण टाळावे आणि बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नयेत. पाड्यावर विजेचा भरवसा धरू नये. गाडीच्या इन्व्हर्टरवर चार्जिंगची सोय निघण्यापूर्वीच तपासून घ्यावी. नकाशेही शहाद्यातच उतरवून घ्यावेत, कारण वर मोबाइलची रेंज नसते.

खरेदीपूर्वी ड्रोन नियम, २०२१ वाचावेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो असे वर्ग आहेत. नॅनोला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोला व्यावसायिक कामासाठी लागते आणि ते दहावी उत्तीर्ण, १८ ते ६५ वयाच्या व्यक्तीला मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन मिळते. नोंदणी क्रमांक दोन्हींना हवा. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी असल्याने प्रमाणित भारतीय मायक्रो ड्रोनकडे वळणे श्रेयस्कर आहे. ते महाग पडतात, परंतु दुर्गम भागात दुरुस्तीचे सुटे भाग राजरोस मिळण्याला मोठी किंमत आहे. केवळ दृश्ये हवी असणाऱ्या छोट्या संस्थेला नॅनो वर्गातला ड्रोन पुरेल, मात्र तो माथ्यावरच्या वाऱ्यात लवकर भरकटतो.

उड्डाणाला कितपत मुभा आहे हे दाखवणारा जागेचा रंग सरकारी हवाई नकाशावर तपासावा. सातपुड्यात बरीचशी कामे वनजमिनीवर असल्याने वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी आणि ग्रामसभेला आधी सांगावे. सकाळी नाल्यावर स्त्रिया अंघोळीला, धुण्याला येतात. उड्डाणाचा मार्ग तेथून नेऊ नये. कड्यांवर व मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असते, त्याची जागा गावकऱ्यांना ठाऊक असते आणि ती विचारून घेतल्याशिवाय ड्रोन कड्याजवळ नेऊ नये. घारी घिरट्या घालू लागल्या तर यंत्र सरळ खाली उतरवून थांबावे. परतल्यावर नकाशाची मोठी छापील प्रत ग्रामसभेला द्यावी. आमच्याकडून ती मिळाल्यावर तेथील मंडळींनी कोणता बांध पावसाआधी सावरायचा, हे त्यावर बोट ठेवून ठरवले.