मांडव्याहून तेरेखोलपर्यंत, न सोलवटता

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, तिथून अलिबाग, रेवदंडा, मुरूड आणि पुढे किनारा धरून थेट गोव्याच्या हद्दीवरचं तेरेखोल. दिवाळीनंतर मी आणि माझी मैत्रीण सायकलने हा रस्ता करून आलो. परतल्यावर ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक बाईने दोन प्रश्न विचारले. पहिला मोठ्याने: "भीती नाही वाटली?" दुसरा आवाज खाली आणून: "बसायला त्रास नाही झाला का गं?"

पहिल्याचं उत्तर एका शब्दात संपतं, नाही वाटली. दुसऱ्यासाठी मात्र हे सगळं लिहितेय. कारण मला कितीतरी जणी माहीत आहेत ज्यांनी नवीकोरी सायकल घेतली, पन्नासेक किलोमीटरची एक राइड केली, दोन दिवस नीट बसता आलं नाही आणि सायकल बाल्कनीत गेली ती गेलीच. "सवय होईल" असं त्यांना सांगितलं गेलं. सवय स्नायूंना होते. सोलवटलेल्या कातडीला होत नाही, चिमटलेल्या नसेलाही होत नाही.

सुरुवात घरातच होते, आणि ती कुरिअरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यापासून. पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, पातळ कपड्यांत त्यावर बसायचं, हँडल धरल्यासारखं पुढे वाकायचं आणि अर्धा मिनिट तसंच राहायचं. उठल्यावर दोन खळगे उमटलेले असतात. बॅटरीचा उजेड बाजूने टाकला की ते स्वच्छ दिसतात. ही आपली बसण्याची हाडं. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत माझं अंतर भरलं १३० मिमी. त्यात वीस ते तीस मिमी मिळवले की सॅडलच्या, म्हणजे सायकलच्या सीटच्या, मागच्या भागाची रुंदी साधारण कळते. सायकलसोबत आलेलं सॅडल होतं १४३चं. म्हणजे माझी हाडं त्याच्या कडेवर टेकत होती आणि उरलेला भार मधल्या नाजूक भागावर येत होता. बायकांच्या ओटीपोटाची हाडं सर्वसाधारणपणे जास्त रुंद असतात, त्यामुळे हा प्रकार आपल्या बाबतीत फार होतो. मी १५५ मिमीचं, मधे लांबट खाच असलेलं सॅडल घेतलं.

दुकानातला मुलगा मात्र म्हणत होता, "ताई, वरून जेल कव्हर टाका ना, एकदम सॉफ्ट लागेल." दुकानात बसून पाहिलं तर खरंच सॉफ्ट लागतं. पण तास-दीड तासाने हाडं जेलमध्ये रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन नेमका नको तिथे टोचतो. लांब पल्ल्याला घट्ट, आपल्या मापाचं सॅडलच बरं. उंचीही बघायला हवी. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, कंबर तिरकी होता कामा नये. सीट उंच असली की प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि जांघेत काच पडायला सुरुवात होते.

निघालो. मांडवा ते मुरूड रस्ता बराचसा सोपा आहे, आणि गंमत अशी की बसायच्या जागेची खरी परीक्षा अशाच रस्त्यावर होते. चढावर आपण पेडलवर जोर देतो, तेव्हा शरीराचा बराच भार पायांवर जातो. सपाटीवर पाय नुसते फिरत असतात आणि सगळं वजन सॅडलवर. म्हणून काशीदच्या आधीपासूनच आम्ही ठरवून टाकलं होतं: दहा-पंधरा मिनिटं झाली की दुखो न दुखो, उभं राहून आठ-दहा पेडल मारायची. दाबाने अडलेलं रक्त तेवढ्यात पुन्हा वाहायला लागतं. खड्डे आले की दोन्ही पेडल एका पातळीत आणि सीटवरून किंचित वर. खड्डे पुष्कळ होते.

मुरूडनंतर या रस्त्याची खरी चाल कळते. प्रत्येक खाडीला समुद्रपातळीपर्यंत उतरायचं, तरीतून, म्हणजे फेरीबोटीतून, पलीकडे जायचं आणि पुन्हा चढून सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावर, यायचं. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. या फेरीबोटी, इथल्या बोलीत जंगलजेटी, म्हणजे सायकलवाल्या बाईसाठी वरदान आहेत, असं मी अगदी मनापासून सांगते. तरीची वाट बघत वीस-पंचवीस मिनिटं उभं राहावंच लागतं. घाई करून उपयोग नसतो. आम्ही जेटीवर कधीच बसलो नाही, चालत राहिलो आणि मांड्या ताणून घेतल्या.

वेश्वीच्या धक्क्यावर मैत्रीण म्हणाली, "सॅडल पुढून सारखं दाबतंय. मधे बधिर झालंय." बधिरपणा आला की थांबायचंच, हा आमच्यातला अलिखित करार होता. मी तिच्या सॅडलवर वही आडवी ठेवली आणि वहीवर फोन, पातळी मोजायचं ॲप लावून. नाक, म्हणजे सॅडलचं पुढचं टोक, दोन अंश वर होतं. ॲलन की काढली, बोल्ट सैल केला आणि नाक पातळीच्या दीड अंश खाली आणलं. जास्त खाली केलं असतं तर ती घसरत राहिली असती आणि तळहात दुखायला लागले असते. केळशी येईपर्यंत तिची बधिरता गेली होती. शर्यतीच्या सायकलींसाठी यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमात ९ अंशांपर्यंतचा कल चालतो. आपल्यासारख्यांना एक ते तीन अंश पुरतात.

ही बधिरता हलक्यात घेऊ नका. हॅना डाइन्स ही ब्रिटनची पॅरासायकलपटू. सॅडलच्या वर्षानुवर्षांच्या दाबाने तिच्या योनीच्या बाहेरच्या भागात सूज वाढत गेली आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली, हे तिने २०१९ मध्ये नाव लावून जाहीरपणे सांगितलं. सगळ्यात उत्तम साधनं आणि प्रशिक्षक हाताशी असलेल्या खेळाडूंचं हे होत असेल तर आपल्याकडे किती जणी गप्प राहून सोसत असतील! मला याचा राग येतो.

आता कपडे. पॅडच्या शॉर्ट्सखाली निकर घालायची नाही. पहिल्यांदा ऐकताना अवघड वाटतं, पण पॅड थेट कातडीला लागण्यासाठीच बनवलेलं असतं आणि निकरची शिवणच सगळ्यात आधी काचते. खांद्यावर पट्टे असलेली बिब आरामदायक असते, पण लघवीला जाताना जर्सी उतरवावी लागते, म्हणून कोकणात आम्ही दोघींनी साध्या कमरेच्या शॉर्ट्स नेल्या. पॅडला आणि जांघेच्या घडीत सुगंध नसलेलं शॅमी क्रीम, म्हणजे घर्षण कमी करणारं सायकलवाल्यांचं क्रीम. पुरुषांसाठीच्या काही क्रीममध्ये मेंथॉल असतं, ते आपल्याला चरचरतं, डबीवर वाचून घ्या. टाल्कम पावडर अजिबात नको. घामाने तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच घासतात. आणि निघण्याआधी वॅक्सिंग किंवा शेव्हिंग करू नका. केसांमुळे घर्षण कमी होतं, आणि काढलेले केस परत येताना आत वळले की केसतूड होतं. फार झालं तर कात्रीने थोडे कमी करावेत.

मुक्कामी पोचल्यावर चहा नंतर, आधी शॉर्ट्स उतरवायच्या. ओल्या पॅडमध्ये बसून राहिलं की रात्रीत पुटकुळ्या येतात. साध्या पाण्याने धुवायचं, आत साबण नाही, हळूच टिपून घ्यायचं आणि सुती सैल पायजमा. हर्णैला आमच्या शॉर्ट्स सकाळपर्यंत वाळेनात, खारी हवा. मग मुक्कामाच्या घरच्या काकूंनी युक्ती दाखवली: धुतलेली शॉर्ट कोरड्या पंच्यात गुंडाळायची, पंच्यासकट पिळायची आणि पॅडची बाजू वर करून पंख्याखाली टाकायची. पुढे सगळीकडे आम्ही हेच केलं. कडक उन्हात मात्र वाळवू नयेत.

गुहागरला माझी पाळी आली. सॅनिटरी पॅड आणि सायकल यांचं अजिबात जमत नाही. त्याच्या कडा जांघेत घासतात आणि ओलावा धरून ठेवतात. मी पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरते. घरच्या काकूंकडे एखादं जुनं पातेलं मागितलं, कशाला तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगो, मग उकळून घे की इथेच, गॅस मोकळाच आहे." आणि मग त्यांच्या सुनेने कपाबद्दल इतकं विचारलं की आमचं जेवण तासभर लांबलं. ज्यांना कप नको त्यांनी टॅम्पॉन किंवा पाळीची खास निकर वापरून पाहावी, पण आधी घराजवळच्या छोट्या राइडवर.

जयगडच्या चढावर मैत्रिणीला बसताना टोचायला लागलं. गणपतीपुळ्याला पाहिलं तर उजव्या जांघेत बारीकसं केसतूड. दुसऱ्या दिवशी आम्ही सायकली हलवल्याच नाहीत. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दहा-पंधरा मिनिटं शेक, दिवसातून तीन-चारदा. फोडायचं नाही, दाबायचं नाही. तिचं संध्याकाळपर्यंत बसलं. लाली पसरत असेल, ताप आला किंवा गाठ कमी होत नसेल तर डॉक्टरकडे जावं, आणि संकोच न करता सायकलमुळे झालंय असं सांगावं.

याहून अवघड गोष्ट पाण्याची. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या काळजीने बायका पाणीच पीत नाहीत. लघवी घट्ट होते, जळजळते, आधीच घासलेल्या कातडीला झोंबते आणि जंतुसंसर्गाला आयतं निमंत्रण मिळतं. आम्ही रोज सकाळी नकाशावर पेट्रोलपंप, एसटी स्थानकं आणि भक्तनिवास असलेली देवळं बघून ठेवत होतो आणि मधेच एखाद्या घरी सरळ विचारत होतो. रत्नागिरी ते विजयदुर्ग आणि पुढे मालवणपर्यंत एकाही घरातल्या बाईने नाही म्हटलं नाही. उलट कोकम सरबत पाजल्याशिवाय सोडलं नाही.

तेरेखोलच्या तरीतून केरीला उतरलो तेव्हा आमचे पाय गेले होते, पाठ गेली होती. बसायची जागा शाबूत होती.

ज्या सॅडल घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी एवढं करा: पुठ्ठ्यावरचं माप लिहून न्या, आणि काही दिवस वापरून बघायला मिळेल का ते दुकानदाराला विचारा. काही दुकानं चाचणीसाठी वेगळी सॅडल ठेवतात. माझं सॅडल तुम्हाला बसेलच असं नाही, म्हणून त्याचं नाव इथे मुद्दामच लिहिलेलं नाही.