चकमकीच्या शोधात तीन दिवस: निपाणी, बेळगाव, खानापूर, जांबोटी

आज्जाची चंची आजीनं माझ्या हातात ठेवली तेव्हा तिला अजून तंबाखूचा वास होता. विटक्या लाल कापडाची, चार कप्प्यांची, दोरीनं गुंडाळायची. एका कप्प्यात सुपारीचं खांड, एकात चुन्याची डबी, आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात बोटभर लांबीची पितळी नळी आणि एक निळसर करडी गारगोटी. गारगोटीची एक कड आपटून आपटून दाताळ झालेली, वरच्या अंगाला हाताच्या मळानं काळवंडलेला खोलगट भाग. ठिणगी काढायला गारगोटीवर मारायचा पोलादाचा तुकडा, म्हणजे चकमक, तेवढा नव्हता. काकानं लहानपणी तो खेळायला नेला आणि शेतात कुठंतरी हरवला, असं आजी म्हणाली.

तसाच तुकडा मिळवायचा किंवा करून घ्यायचा म्हणून डिसेंबरात मावसभावाला सोबत घेऊन तीन दिवस सीमाभागात फिरलो. या वाटेनं कुणाला जायचं असेल तर आमच्या चुका टळाव्यात म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

सुरुवात निपाणीतून केली. तंबाखूचं गाव, घरोघरी विड्या वळणारं. इथं चकमक नाही मिळणार तर कुठं, असं वाटलं होतं. पहिल्या दुकानात "चकमक आहे का" विचारलं तर दुकानदारानं लायटरच्या खड्यांची पुडी काढली. त्याची चूक नव्हती, आता लोक त्यालाच चकमक म्हणतात. पण तो खडा म्हणजे दगडच नव्हे. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यानं १९०३ साली पेटंट घेतलेला, सेरियम आणि लोखंड यांचा तो मिश्रधातू. त्याची ठिणगी फार तापट असते. जंगलात फिरणारी पोरं ऑनलाइन मागवतात तो फेरो रॉडही त्याच घराण्यातला. साधा पिंजलेला कापूसही त्यावर पेटतो. चकमकीच्या ठिणगीत तेवढी ताकद नसते, आणि या वस्तूचं सगळं शास्त्र त्या कमजोर ठिणगीला सांभाळण्यात आहे.

दुसऱ्या एका विक्रेत्याकडं अर्धचंद्राच्या आकाराची, काळपट, जुनी दिसणारी चकमक मिळाली. तीनशे रुपये दिले. बसस्टँडवर बसून गारगोटीवर अर्धा तास घासली, हात दुखले, ठिणगी एक नाही. साधं मऊ लोखंड वाकवून, तेलात जाळून काळं केलेलं होतं. त्यामुळं पहिला सल्ला हा की खिशात धारदार गारगोटी ठेवा आणि पैसे देण्याआधी तिथंच मारून बघा. खरी चकमक तिसऱ्या-चौथ्या घावाला बोलते.

त्या संध्याकाळी आप्पाचीवाडीच्या बाजूला गेलो. हालसिद्धनाथाचं ठाणं. दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत इथं यात्रा भरते, ढोल, भंडारा आणि भाकणूक, म्हणजे देवाच्या नावानं सांगितलेलं भविष्य, ऐकायला दोन्ही राज्यांतून धनगर समाज लोटतो. आम्ही गेलो तेव्हा यात्रा कधीच उरकली होती, पण ऊस तुटलेल्या एका रानात मेंढरं बसवलेली दिसली. खतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतात, त्याबद्दल धनगरांना धान्य किंवा पैसे देतात. वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या तळावर, एक म्हातारे आज्जा घोंगडं पांघरून बसले होते. मी चंची उलगडून पुढं ठेवली, तसे ते सरसावून बसले आणि आपली चंची काढली.

त्यांच्याकडं तिन्ही वस्तू होत्या. डाव्या हातात गार धरली. गारेच्या वरच्या अंगाला, कडेपासून तांदळाच्या दाण्याएवढं अंतर सोडून, नळीतला काळा कापूस अंगठ्यानं दाबला. उजव्या हातातलं पोलाद कडेवरून खाली ओढलं. आपटलं नाही, तासल्यासारखं ओढलं. दुसऱ्या ओढीला कापसावर मोहरीएवढा लाल ठिपका दिसला. आज्जांनी फुंकर हळूच घातली, तसा ठिपका पसरून वाटाण्याएवढा झाला. विडी त्याला टेकवली, एक झुरका घेतला, कापूस नळीत ढकलला आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबून विस्तव गुदमरवला. सगळं मिळून अर्धा मिनिट लागलं असेल. मी म्हटलं, "आज्जा, गार चांगली आहे तुमची." त्यांनी मान हलवली. "गार काय बी देत न्हाई, पोरा. देतंय त्ये लोखंड. गार नुस्ती वरबाडती."

हे वाक्य मी पुढचे दोन दिवस धरून चाललो, कारण ते अगदी बरोबर आहे. ठिणगी दगडातून निघते असं आपण समजतो. निघतो तो पोलादाचा कीस. दगडाची कड पोलादापेक्षा कडक आणि धारदार असेल तर ती पोलादाचा डोळ्यांना न दिसणारा कण सोलते. सोलताना कण तापतो, हवेत आल्यावर त्यातलं लोखंड जळतं आणि लाल-पिवळं दिसतं. पोलाद मऊ असेल तर दगड त्याला नुसता ओरखडा काढतो, कण सुटत नाही. म्हणून शोध घ्यायचा तो पोलादाचा.

मग आज्जांनी माझी गारगोटी हातात घेतली. डाव्या हातात धरली, फिरवली, उजव्या हातात धरली. "ही डावऱ्याची हाय," म्हणाले. काळवंडलेला खोलगट भाग उजव्या अंगठ्याखाली नेमका बसत होता. मला तर माझे आज्जा उजव्या हातानं जेवतानाच आठवत होते. तेव्हा मी काही बोललो नाही.

निपाणी ते बेळगाव ७०-७५ किलोमीटर, हायवेनं बस दर थोड्या वेळानं मिळते. बेळगावात भंगारवाल्यांकडं जुनी कानस मागितली. कानस ही चकमकीसाठी उत्तम वस्तू. तिच्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास किंवा थोडा जास्तच असतो. बांधकामाच्या सळीत तो पाव टक्क्याच्या आसपास, म्हणून सळीची चकमक कधीच होत नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यात अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर, त्यामुळं पाटा चालतो, पण ठिणग्या कमी. चाळीस रुपयांना दोन गंजक्या कानशी मिळाल्या. एक शंका उरली होती: हल्लीच्या काही स्वस्त कानशी आतून मऊ असतात, नुसता वरचा थर कडक केलेला.

ही शंका उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात फिटली. बेळगावचा फाउंड्रीचा धंदा मोठा, आणि त्या भागातल्या एका ग्राइंडरवाल्या मामांनी आम्हाला जी परीक्षा दाखवली ती प्रत्येकानं करावी. अनोळखी तुकडा ग्राइंडरच्या चाकाला टेकवायचा आणि उडणारा फवारा बघायचा. मऊ लोखंडाचा फवारा लांब, सरळ रेघांचा. कार्बन जास्त असला की फवारा आखूड आणि दाट होतो, प्रत्येक रेघ टोकाला फुटते, फुलबाजीसारखी फुलं पडतात. माझी तीनशे रुपयांची चकमक लावली तर सरळ रेघा. कानशीचा एक टवका काढून मधला भाग लावला तर फुलंच फुलं. चाक म्हणजे शेवटी वेगानं फिरणारी गारच की.

ज्यांना लोहार गाठणं जमणार नाही त्यांनी इथंच थांबावं. कानस मुळातच पाणी दिलेली, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केलेली असते. चार बोटं लांबीचा तुकडा कटरनं कापून घ्या, त्याच्या अरुंद कडेवरचे दाते ग्राइंडरवर पूर्ण उडवून कड गुळगुळीत करा, की चकमक तयार. घासताना दर दोन-चार सेकंदांनी तुकडा पाण्यात बुडवा. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, मग ठिणगी नाही. कानस हातोड्यानं तोडू नका. काचेसारखी फुटते आणि तुकडे डोळ्यात जातात. चष्मा हवाच.

मला वाड्यावरच्या आज्जांच्या हातातली तशी, बोटं आत जातील अशी वळणदार हवी होती. म्हणून बागलकोट रस्त्यालगतच्या एका गावात कानडी बोलणाऱ्या लोहारकाकांकडं गेलो. चकमक हा शब्द त्यांना समजावावा लागला नाही, कानडीतही चकमकीच. त्यांनी आयुष्यात दोनच केल्या होत्या, दोन्ही वडिलांच्या हाताखाली असताना.

पहिली कानस माझ्यामुळं वाया गेली. दाते घासून काढायला वेळ लागेल म्हणून मी तशीच वाकवायचा आग्रह धरला. वाकली छान, लालभडक करून पाण्यात घातली आणि टिक् असा बारीक आवाज आला. बाहेर काढली तर दात्याच्या खाचेतून आडवी चीर. खाच म्हणजे चिरेला आमंत्रण. दुसऱ्या कानशीचे दाते आधी पूर्ण उतरवले. काकांनी भात्यावर तापवून ऐरणीवर दोन्ही टोकं गोल वळवली, मग पुन्हा आगटीत घातली. किती तापवायचं याची खूण त्यांनी रंगावर ठरवली, भर दुपारी मुद्दाम छपराच्या काळोख्या कोपऱ्यात जाऊन. माझ्याकडं जुन्या स्पीकरचं चुंबक होतं, तारेला बांधून ते आम्ही टेकवत होतो. पोलाद साधारण ७७० अंशांला पोचलं की चुंबक धरत नाही, त्याच्या किंचित वर पाणी द्यायचं. चुंबक सुटलं, मी काही बोलायच्या आत काका "साकु" (पुरे) म्हणाले आणि सांडशीतला तुकडा उभा, कडेकडून कोमट पाण्यात घातला. चर्रर्र झालं आणि वाफ छपराला गेली. यावेळी टिक् नाही.

पाणी बरोबर बसलं का हे बघायला दुसरी कानस त्यावर ओढायची. काचेवरून घसरावी तशी घसरली तर जमलं. सुरी किंवा विळ्याला पाणी दिल्यावर पुन्हा थोडं तापवून कडकपणा उतरवतात. चकमकीला तसं करू नका, कडक होती तशीच राहू द्या. फक्त खाली फरशीवर पडू देऊ नका, तुटेल. काकांनी दीडशे रुपये घेतले, फुटलेल्या कानशीच्या कोळशाचे घेतले नाहीत.

आता दगडाचं. निपाणी, चिक्कोडीकडची काळ्या पाषाणाची जमीन म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याची. त्या पाषाणातल्या पोकळ्यांत गारगोट्या तयार होतात आणि नांगरटीनंतर, ओढ्याच्या पात्रात मोकळ्या सापडतात. मेणासारखी चकाकी असलेली, करडी, निळसर किंवा मधाच्या रंगाची घ्या. फोडल्यावर शिंपल्यासारखी गोलाई आणि ब्लेडसारखी धार येते. खानापूरकडं पांढऱ्या गारेच्या शिरा दिसतात. ती गारही चालते, पण कड भुरभुरते आणि दर दहा घावांनी नवी धार काढावी लागते. गोकाकला घटप्रभा जिथून ५२ मीटर खाली उडी घेते तो खडक क्वार्टझाइटचा. त्यातून चकमकीजोगी धार काढायला मला फार कष्ट पडले. तरी भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना १९व्या शतकात घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत अश्मयुगीन माणसाची हत्यारं सापडली ती बहुतेक याच खडकाची. त्या माणसाच्या हाताला काय सवय असेल याचं मला अजून नवल वाटतं. दगड फोडताना ओल्या फडक्यात गुंडाळा, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट.

खानापूर बेळगावपासून २६ किलोमीटर. मी तिथं गेलो ते मडक्यासाठी. खानापूरची माती, कौलं आणि कुंभारकाम नावाजलेलं. झाकणाचं मुठीएवढं बोळकं घेतलं. त्यात जुन्या सुती धोतराचे तुकडे भरले, झाकण मातीनं लिंपलं, सुईएवढं भोक ठेवलं आणि बोळकं निखाऱ्यावर ठेवलं. भोकातून धूर येत राहतो. धूर थांबला की उतरवायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर आतलं सगळं पेटून राख होतं. निघालेलं कापड काळं, हलकं, न फाटता उचलता येईल असं हवं. तपकिरी राहिलं तर ठिणगी धरत नाही. कापड निव्वळ सुती पाहिजे, टेरिकॉट वितळतं.

तिथून जांबोटी. एका घराच्या परड्यात भेरली माड होता, कानडीत बगनी. घरच्या काकूंनी त्याच्या पानाच्या बुंध्याशी असलेला तपकिरी लोकरीसारखा भुसा खरवडून दिला. पूर्वी याच्यावरच विस्तव धरायचे, म्हणाल्या. तो न जाळताच ठिणगी धरतो, फक्त खडखडीत वाळलेला हवा. आमचा पहिला मूठभर भुसा पहाटेच्या दवानं दमट झाला आणि एकही ठिणगी टिकली नाही. शर्टाच्या आत, अंगाशी धरून तासभर फिरल्यावर तोच पेटला. पावसाळ्यात या भागात ही धडपड करू नका. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचा काळ चांगला. आणि एक कळकळीची विनंती: जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात आग काढू नका, भीमगड अभयारण्यातून तर गारगोटीसुद्धा उचलू नका. माघ-फाल्गुनात तिथलं वाळलेलं गवत एका ठिणगीची वाट बघत असतं. सराव अंगणात करा, शेजारी पाण्याची बादली ठेवून.

तिसऱ्या रात्री घरी पोचलो. नवी चकमक, आज्जाची गारगोटी, खानापुरी बोळक्यातलं काळं कापड. पाचव्या ओढीला ठिपका पडला, वाळल्या गवताच्या चुंबळीत घालून फुंकला आणि आजीची चूल पेटली. मग मी तिला विचारलं, आज्जा डावरे होते का.

"व्हय की," आजी लाकूड आत सारत म्हणाली. "जेवायचे तेवढे उजव्या हातानं. त्यांच्या आईनं मारून मारून लावलेलं."

मी गारगोटी उजव्या हातात घेतली.