जावाची वही: राष्ट्रीय सौर दिनांक आणि इफ-एल्सची शिडी

गुणांवरून श्रेणी काढायचा प्रोग्रॅम जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या प्रत्येक वर्गात होतोच. ३५ च्या खाली नापास, ७५ च्या वर डिस्टिंक्शन. इफ-एल्स (जर-नाहीतर) समजायला तो पुरतो, पण कंडिशनचा, म्हणजे अटीचा, कस लागत नाही. मला जरा खोडकर काहीतरी हवं होतं, म्हणून सध्या इंग्रजी तारखेवरून भारतीय राष्ट्रीय सौर दिनांक काढणारा प्रोग्रॅम लिहितोय. भारताच्या राजपत्रावर इंग्रजी तारखेच्या जोडीला 'श्रावण २४, १९४७' असं छापलेलं असतं, तोच हा दिनांक.

ज्यांचा या कॅलेंडरशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९५२ साली शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९५५ चा, आणि २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ ला, हे कॅलेंडर सरकारी कामात लागू झालं. महिन्यांची नावं आपलीच, पण तिथीशी काही देणंघेणं नाही. ३० मार्च २०२५ ला गुढीपाडवा होता तेव्हा सौर दिनांक ९ चैत्र होता. वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे. चैत्र एरवी ३० चा, लीप वर्षी ३१ चा. नियम पक्के, अपवाद मोजके. नवशिक्याला याहून चांगलं मैदान मिळणार नाही. जावाच्या तारखांच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) थाई बौद्ध, जपानी, तैवानचं मिंगुओ आणि हिजरी अशी कॅलेंडरं आहेत, आपलं नाही. आयसीयू नावाच्या लायब्ररीत ते आयतं मिळतं, पण आयतं घेतलं तर शिकणार काय?

आणखी एक. जावाला व्हेरिएबलची (किंमत साठवायच्या जागांची) नावं देवनागरीत चालतात, काना-मात्रा-जोडाक्षरांसकट. मी तशीच ठेवली आहेत आणि कोड वाचायला फार बरं वाटतं. कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) आणि आकडे मात्र इंग्रजीतच टाइप करावे लागतात. इथे सगळं देवनागरीत दिलंय ते केवळ वाचण्याच्या सोयीसाठी.

सगळा खेळ या चार ओळींत आहे (बूलियन म्हणजे खरं-खोटं, इंट म्हणजे पूर्णांक, शक म्हणजे सौर वर्ष; % म्हणजे भागाकाराची बाकी, && म्हणजे 'आणि', || म्हणजे 'किंवा', ! म्हणजे 'नाही', आणि 'अट ? अ : ब' म्हणजे अट खरी तर अ, नाहीतर ब):

बूलियन लीप = (वर्ष % ४ == ० && वर्ष % १०० != ०) || वर्ष % ४०० == ०;
इंट चैत्रारंभ = लीप ? २१ : २२;
बूलियन चैत्राआधी = महिना < ३ || (महिना == ३ && दिवस < चैत्रारंभ);
इंट शक = चैत्राआधी ? वर्ष - ७९ : वर्ष - ७८;

यात एकही इफ नाही, हे मुद्दाम. प्रश्न आधी बूलियनमध्ये विचारून घ्यायचा, त्याला नाव द्यायचं, आणि मग ते नाव हवं तिथे वापरायचं, अशी सवय लावून घेतोय. 'इफ (चैत्राआधी)' हे वाचताना अडखळायला होत नाही. तीच लांबलचक कंडिशन इफच्या कंसात कोंबली, की दोन दिवसांनी आपलंच कोड परकं वाटतं. आणि 'इफ (लीप == ट्रू)' असं लिहिणाऱ्यांना विनंती: लीप हे मुळात खरं किंवा खोटंच आहे, त्याला पुन्हा तेच विचारू नका. त्यात धोकाही आहे. दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडलं तर 'लीप = ट्रू' होतं, कंपायलर (कोड तपासून यंत्रासाठी तयार करणारा प्रोग्रॅम) निमूट मान्य करतो आणि प्रत्येक वर्ष लीप ठरतं. वर्षाच्या बाबतीत हा घोळ होत नाही, कारण 'इफ (वर्ष = २०२४)' लिहिलं तर इंटचं बूलियन होत नाही म्हणून कंपायलर तिथेच अडवतो. सी भाषेत तेही खपून गेलं असतं.

आता कंसांकडे या, कारण या वेळी सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. जावात && चा मान || च्या आधी, त्यामुळे वरच्या दोन्ही बूलियन ओळींतले कंस काढून टाकले तरी उत्तर तेच येतं. मी ते ठेवलेत ते वाचणाऱ्यासाठी. पण कंस दुसरीकडे टाकले तर? लीपची ओळ अशी लिहून पाहिली:

वर्ष % ४ == ० && (वर्ष % १०० != ० || वर्ष % ४०० == ०)

१९००, २०००, २०२४, २१०० अशी वर्षं घालून बघितली. उत्तरं हुबेहूब तीच: १९०० नाही, २००० आहे, २०२४ आहे, २१०० नाही. कारण साधं आहे. ज्याला ४०० ने भाग जातो त्याला ४ ने जातोच, म्हणून बाहेरची अट त्याला कधीच अडवत नाही. म्हणजे ही अंकगणिताची मेहेरबानी, कंसांची नव्हे. चैत्राच्या ओळीत तोच प्रयोग करा:

(महिना < ३ || महिना == ३) && दिवस < चैत्रारंभ

२५ जानेवारी २०२६ घाला. महिना तीनपेक्षा कमी आहे, कंसातलं खरं. पण २५ हे २२ पेक्षा कमी नाही, म्हणून सगळंच खोटं, आणि प्रोग्रॅम सांगतो शक १९४८. खरं उत्तर ५ माघ १९४७. त्यातून १० जानेवारी घातली तर उत्तर बरोबरच येतं, म्हणजे एखाद-दुसरी तारीख तपासून खूश होणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. एररही नाही, वॉर्निंगही नाही.

नकाराचंही असंच. 'चैत्र लागलाय का' हे उलटून लिहायचं झालं तर 'महिना >= ३ && (महिना != ३ || दिवस >= चैत्रारंभ)' असं होतं. || चं && झालं, && चं ||, आणि प्रत्येक तुलना उलटली. हा डी मॉर्गनचा नियम. गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गनचा जन्म १८०६ साली मदुराईचा, हे मला या निमित्ताने कळलं. ज्याच्या नावावरून बूलियन आला तो जॉर्ज बूल त्याच्याच काळातला. नियम समजून घ्यावाच, पण कोडमध्ये मी '!चैत्राआधी' इतकंच लिहितो. उद्गारचिन्ह एक, डोकेदुखी शून्य.

आता महिन्याचा भाग. पहिल्या खेपेला एल्स-इफची मोठी शिडी उभी केली होती, प्रत्येक इंग्रजी महिन्याला दोन पायऱ्या. चालत होती, पण बघवत नव्हती. मग कागदावर तारखा मांडल्यावर लक्षात आलं की प्रत्येक इंग्रजी महिन्यात नेमका एकच सौर महिना सुरू होतो. जानेवारीपासून क्रमाने: २१, २०, चैत्रारंभ, २१, २२, २२, २३, २३, २३, २३, २२, २२. हे आकडे अ‍ॅरेत (क्रमवार यादीत) ठेवले की सगळी शिडी एका इफवर येते. दिवस त्या महिन्याच्या आरंभाइतका किंवा त्याहून मोठा असेल तर नवा सौर महिना, आणि सौर दिवस म्हणजे दिवस वजा आरंभ अधिक १. नाहीतर मागचाच सौर महिना चालू आहे: दिवस, अधिक मागच्या इंग्रजी महिन्याचे दिवस, वजा त्याचा आरंभ, अधिक १. ५ ऑगस्टला ५ + ३१ - २३ + १, म्हणजे १४ श्रावण. जानेवारीत मागचा महिना डिसेंबर असतो, तेवढं सांभाळा.

शिडी एके ठिकाणी उरली आहे, महिन्याची लांबी काढायला:

इफ (सौरमहिना == १) लांबी = लीप ? ३१ : ३०;
एल्स इफ (सौरमहिना <= ६) लांबी = ३१;
एल्स लांबी = ३०;

इथे क्रम हाच जीव. दुसरी ओळ वर नेली तर चैत्रही 'सहा किंवा कमी' मध्ये अडकतो, त्याची स्वतःची पायरी कधी येतच नाही, आणि दरवर्षी चैत्र ३१ चा होतो. खास अट वर, ढोबळ अट खाली. कोणी म्हणेल स्विच (एका किमतीवरून अनेक पर्यायांतला एक निवडायची रचना) वापर. जावा १४ पासून बाणाचा स्विच पक्का झालाय, त्यात ब्रेक (पर्याय संपल्याची खूण) विसरायची भीती नाही, तेव्हा पुढे कधीतरी.

तारीख वाचण्याचं काम पटकन उरकलं. तिरप्या रेघांवर तुकडे पाडायचे आणि 'तुकडे.लेंग्थ == ३ && महिना बरोबर आहे' अशी अट लावायची, याच क्रमाने. डावीकडचं खोटं निघालं की && उजवीकडे बघतच नाही, त्यामुळे नसलेल्या तुकड्याला हात लागत नाही. क्रम उलटा केला आणि कोणी नुसतं '१५' दिलं, की प्रोग्रॅम कोसळलाच. एक सुखद धक्का: मजकुरातून आकडा काढणाऱ्या, इंटिजरच्या पार्सइंटला देवनागरी आकडेही कळतात. '१५/०८/२०२५' असं मराठी कीबोर्डवरून टाकलं तरी बिनबोभाट चालतं. आजूबाजूला स्पेस आली तर मात्र ते रुसतं, म्हणून आधी स्ट्रिप, म्हणजे कडेच्या स्पेस काढणं.

तपासायला सीमेवरच्या तारखाच घेतो, मधल्या काही शिकवत नाहीत. २० मार्च २०२४ ला ३० फाल्गुन १९४५, २१ मार्चला १ चैत्र १९४६. २० एप्रिल २०२४ ला ३१ चैत्र, आणि पुढच्याच वर्षी त्याच तारखेला ३० चैत्र. २१ मार्च २०२५ ला ३० फाल्गुन १९४६, २२ ला १ चैत्र १९४७. १ मे १९६० घातली तर ११ वैशाख १८८२ येतं. १५ ऑगस्ट कुठल्याही वर्षी २४ श्रावणच असतो, त्यामुळे तो तपासून काही उपयोग नाही, त्यातला शक तेवढा बघा. सगळं बरोबर येतंय.

उलटा प्रवास, सौर दिनांकावरून इंग्रजी तारीख, अर्धा झालाय. लीप ठरवायला शकात ७८ मिळवून नेहमीचा नियम लावायचा, ते सोपं. अडलंय ते एका निर्णयावर: कोणी '३१ चैत्र १९४७' दिलं तर काय करायचं? १९४७ अधिक ७८ म्हणजे २०२५, लीप नाही, हा दिवसच नाही. जावाची स्वतःची लोकलडेट (तारखेसाठीचा तयार प्रकार) अशा वेळी सरळ एक्सेप्शन (काम थांबवणारी चूक) फेकते. १ वैशाख धरून पुढे जाणं मला पटत नाही, म्हणून मीही अडवायच्याच बाजूचा आहे. कोणाचं मत वेगळं असेल तर कारणासकट सांगा, आणि १९५७ ते १९६० मधल्या राजपत्राची पानं कोणाच्या संग्रहात असतील तर त्यांवरचे दोन्ही दिनांक कळवा, तेवढी चाचणी राहिली आहे.