लॅग शून्य, आणि बारा दिवस गायब

रात्रीचे साडेबारा झालेत, झोप येत नाहीये म्हणून लिहून काढते. परवापासून डोक्यात एकच आकडा फिरतोय, शून्य.

झालं असं की गणपती बसायच्या आदल्या दिवशी आम्ही आमचा रिटर्न्सचा कन्झ्युमर, म्हणजे ग्राहकांनी परत केलेल्या मालाचे मेसेज वाचून नोंदवणारा प्रोग्राम, बंद केला. तो ज्या डेटाबेसमध्ये लिहितो तो दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा होता आणि अर्धी टीम सुट्टीवर, कोणाचा दीड दिवसाचा, कोणाचा गौरींबरोबर जाणारा, दोघं तर ढोलपथकात, मग ठरलं की अनंत चतुर्दशी झाली की निवांत चालू करू. हे मेसेज काफ्का नावाच्या सिस्टिममध्ये येतात, तिथल्या आमच्या टॉपिकवर (मेसेजची रांगच ती) आम्ही रिटेन्शन, म्हणजे मेसेज साठवायची मुदत, १४ दिवसांचं ठेवलं होतं, मेसेज कुठे जात नाहीत, बारा दिवसांचं साठलेलं एका रात्रीत उपसू, असा हिशोब. मीच हो म्हणाले होते.

परवा, लक्ष्मी रोडवरची मिरवणूक अजून चालूच होती तेव्हा, कोथरूडला घरी बसूनच कन्झ्युमर चालू केला. लॅग, म्हणजे किती मेसेज वाचायचे बाकी ते दाखवणारा आकडा, शून्य. सगळं हिरवं. आणि काल दुपारी वेअरहाऊसमधून फोन, "मॅडम, गणपतीतला एकही रिटर्न सिस्टिमला दिसत नाहीये हो, लोक पैसे मागतायत." पोटात गोळाच आला.

मेसेज टॉपिकमध्ये होतेच. हरवली होती ती खूण. कन्झ्युमर ग्रुपचं, म्हणजे एकाच कामाच्या कन्झ्युमरांच्या गटाचं, कुठवर वाचून झालंय ते काफ्का स्वतःच्याच एका आतल्या टॉपिकमध्ये लिहून ठेवतं, कन्झ्युमर ऑफसेट्स नावाच्या. आजी पोथी वाचून झाली की मोरपीस ठेवायची ना, ते वाचलेल्या ओवीवर नाही, उद्या जिथून सुरू करायचं त्या ओवीवर, कमिट केलेला ऑफसेट, म्हणजे नोंदवून ठेवलेला मेसेजचा क्रमांक, अगदी तसाच, शेवटचा वाचलेला नाही तर पुढचा वाचायचा. पण या खुणेलाही मुदत असते. ग्रुपमध्ये एकही मेंबर उरला नाही की घड्याळ सुरू होतं, आणि १००८० मिनिटांनी, म्हणजे ७ दिवसांनी, खूण पुसली जाते. काफ्का २.० च्या आधी तर डिफॉल्ट एकच दिवस होता. आम्ही टॉपिकचं रिटेन्शन वाढवलं आणि ऑफसेटचं तसंच ठेवलं, गौरी गेल्या तेव्हाच्या आसपास कधीतरी आमचं मोरपीस गळून पडलं आणि कोणाला पत्ता नाही.

मग खूण नसताना कन्झ्युमर काय करतो, तर ऑटो ऑफसेट रिसेट नावाच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असेल ते. तिथे डिफॉल्ट लेटेस्ट. म्हणजे मागचं सगळं सोडून थेट टोकाला जाऊन बसला, आणि टोकाला बसलेल्याचा लॅग शून्यच येणार ना! लॅग म्हणजे टोक वजा खूण, मधलं काही वाचलं की नाही हे तो आकडा सांगतच नाही. मला याचं खरंच वाईट वाटलं, कारण गेली कित्येक वर्षं मी नव्या मुलांना हेच सांगत आलेय की लॅग बघा, लॅग शून्य तर सगळं ठीक.

काल सगळ्यात आधी टॉपिकचं रिटेन्शन ३० दिवस केलं, कारण १३ वा दिवस होता, चौदावा उलटला की जुने मेसेज डिलीट व्हायला लागले असते. हे पहिलं, बाकी सगळं नंतर. मग कन्झ्युमर पुन्हा बंद, ग्रुप चालू असताना ऑफसेट रिसेट करताच येत नाही. आणि रिटर्न आला की ग्राहकाला जो एसएमएस जातो तो बंद केला, नाहीतर रात्री दोनला लोकांचे फोन वाजले असते.

आज संध्याकाळी टीममधला सगळ्यात लहान मुलगा कमांड टाइप करत होता, बंद केल्याच्या तारीखवेळेवर रिसेट, बंद केला होता दुपारी तीनला म्हणून त्याने सावधपणे अडीच लिहिलं, अर्धा तास मागचा. मी म्हणलं आधी ड्राय रन, काही न बदलता नुसते आकडे बघू. टॉपिकच्या बारा पार्टिशनचे, म्हणजे भागांचे, आकडे आले आणि तोच म्हणाला, "ताई, हे पुढचे वाटतायत." बरोबर होतं त्याचं. टाइमझोन दिला नाही तर ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते, म्हणजे आपले रात्रीचे आठ. एक्झिक्यूट केलं असतं तर दुपारी तीन ते रात्री आठचे रिटर्न पुन्हा गेले असते, आणि लॅगने पुन्हा शून्यच दाखवलं असतं. +०५:३० लावून परत ड्राय रन, आकडे जुळले, मग एक्झिक्यूट. अर्धा तास दुबार वाचला जाणार होता आणि परवापासून आलेलेही, पण रिटर्न आयडीवर अपसर्ट आहे, तोच आयडी पुन्हा आला तर नवी नोंद न होता जुनीच बदलते, तेवढं चालतं. सुटण्यापेक्षा दुबार बरं, निदान आमच्या कामात.

लाखाच्या वरचा लॅग बघून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. सव्वाअकराला शेकड्यांत आला. वेअरहाऊसच्या दादांना फोन केला, ते जागेच होते, त्यांनी तीन ऑर्डर नंबर सांगितले, तिन्ही सापडले.

ऑटो ऑफसेट रिसेट आता 'नन', म्हणजे काहीच नाही, असं केलंय. खूण सापडली नाही तर कन्झ्युमर एरर देऊन थांबेल, कोणालातरी रात्री उठावं लागेल, उठू. टीममध्ये एकाला हे पटलेलं नाही, त्याचं म्हणणं अर्लिएस्ट ठेवा, सगळ्यात जुन्या मेसेजपासून वाचेल, पण मग असल्या वेळी ३० दिवसांचं सगळं पुन्हा वाचलं जाईल, एसएमएससकट. उद्या त्याच्याशी बसून बोलायचंय. ब्रोकरवरचं, म्हणजे काफ्काच्या सर्व्हरवरचं, ऑफसेट रिटेन्शनही वाढवायचंय, ते सगळ्याच ग्रुप्सना लागू होतं म्हणून प्लॅटफॉर्मवाल्यांना विचारून.

आणि इन्व्हेंटरीचा कन्झ्युमर उद्या सकाळी फक्त वीस मिनिटांसाठी बंद करायचाय. त्याच्या आठही पार्टिशनचे ऑफसेट आत्ताच वहीत लिहून ठेवलेत, सकाळी बंद केल्यावर परत एकदा लिहीन.