नाही सोडत
"शिट्टी तीच आहे, दोरीपण तीच," पालिकेच्या पोहण्याच्या तलावाच्या कठड्यावर बसलेले, पोहायला शिकवणारे सर म्हणाले. दोरी विटून पांढरी पडलेली.

आज मी लेकीला पोहायला घेऊन गेले होते. मार्च २०२० मध्ये तलाव बंद झाला आणि ही शिट्टी त्यांच्या घरी खिळ्याला लागली. कायम नोकरीतल्या सहकाऱ्यांना कोविड ड्युटी लागली, पगार चालू राहिला. सर कंत्राटी. कंत्राटदाराचा फोन आला, "बॅच नाही तर पैसे नाहीत." सरांनी मग भाजी विकली.

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. त्या वर्षी मुंबईच्या २४ही वॉर्डांत पालिकेच्या कोविड वॉर रूम, म्हणजे मदत कक्ष होते, बेड शोधणाऱ्यांचे फोन घ्यायला माणसं लागत होती. घाबरलेल्या माणसाला धीर देणं हे तर सरांचं रोजचं काम! प्रथमोपचारही येतात. एकदा विचारायचं तरी होतं. तलाव बंद होता, माणूस थोडाच बंद होता?

लेक पाण्यात उतरली. सरांनी तिच्या पोटाखाली तळहात धरला.

"सोडू नका हं सर."

"नाही सोडत बाळा."

पुन्हा तलाव बंद करायची वेळ आली, तर सरांना कुणी धरून ठेवेल का?