कोणत्या गाडीनं येऊन राह्यले?

कारंजा लाडला समृद्धीच्या इंटरचेंजकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. पंक्चर, हवा, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे-जुने टायर. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि माझं गिऱ्हाईक बदललं. आधी ट्रॅक्टर, काळीपिवळी आणि मालाच्या गाड्या जास्त यायच्या. आता मोठ्या पांढऱ्या गाड्या थांबतात.

या भागात कितीतरी शेतकऱ्यांची वावरं समृद्धीत गेली, मोबदला आला. त्या पैशात कुणी दुसरीकडे वावर घेतलं, कुणी घर बांधलं, कुणी पोरींची लग्नं उरकली. गावाच्या लक्षात राहिलं ते मात्र कुणी कोणती गाडी काढली, एवढंच. आजही एखाद्याची ओळख सांगताना ‘थे स्कॉर्पिओवाले’ म्हणतात. नाव मागून येतं, कधी कधी येतही नाही.

माझ्या धंद्यात गाडी खालून दिसते. बोनेट, काच, काचेवरचं नाव हे मी शेवटी पाहतो. टायर दोन्ही कडांनी झिजलेला असला तर हवा कमी राहते, मधोमध झिजला असला तर हवा जास्त भरतात. एकाच बाजूनं खाल्ला असला तर अलाइनमेंट गेलेलं आहे आणि मालकाला त्याची पर्वा नाही. गाडी वीस लाखांची की दीड लाखाची, यानं त्यात काही फरक पडत नाही. दुकानातल्या पोरांना मी पहिल्याच दिवशी बजावून ठेवतो की जो आधी आला त्याचा नंबर आधी. तरी पांढरी गाडी उभी राहिली की एखादा पोरगा खुर्ची पुसायला धावतोच. त्या पोराला मी रागावतो, पण त्याच्यावर माझा मनापासून राग नसतो. त्यानं जन्मभर तेच पाहिलेलं आहे.

मे महिन्यातली ती सकाळ होती. ऊन नऊलाच टोचायला लागलं होतं. एक पांढरी स्कॉर्पिओ आत आली आणि उतरला तो माझा ओळखीचा पोरगा. नाव सांगत नाही, सोयरिकीचा मामला आहे. त्याच्याकडे एक छोटा हत्ती, म्हणजे मालाचा छोटा टेम्पो आहे. हंगामात सोयाबीन आणि तूर बाजार समितीत आणतो, एरवी भाजीपाला, सिमेंट, लग्नातली भांडी, मिळेल ते भाडं मारतो. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, नवे बूट.

“काका, हवा पाहून द्या लवकर. समृद्धीनं मेहकरले जायाचं हाय.”

“कोनाची रे हे गाडी?”

“मामाची. पोरगी पाह्याले चाल्लो.”

त्याचे आईबाप, काका, बहीण आणि जावई घरी तयार होऊन बसले होते. त्यांना घ्यायचं आणि इंटरचेंजवर चढायचं. अकराला मेहकरात पोहोचायचं होतं.

टायर काळेभोर चमकत होते. मी बोट फिरवलं तर बोटाला पॉलिश लागलं. फडक्यानं पुसल्यावर खाली बारीक बारीक भेगा निघाल्या, उन्हाळ्यात काळ्या वावराला पडतात तशा. टायरच्या बाजूवर डीओटी ही अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. इथे १११६ होतं. २०१६ च्या मार्चमधला टायर. नक्षीच्या खाचांमध्ये जागोजागी छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खाच १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं. चारचाकीसाठी कायद्यालाही किमान तेवढी लागते. मागचे दोन्ही टायर त्या उंचवट्यांच्याही खाली गेले होते. पुढचे जरा बरे होते. मागच्या डाव्यात हवा मोजली तर चोवीस.

“या गाडीनं समृद्धीवर जाऊ नको,” मी म्हटलं.

त्याला आधी वाटलं, मी टायर विकायला बघतोय. मग मी त्याला खाली बसवलं आणि त्याचंच बोट त्या खाचेत ठेवलं. तो स्वतः गाडी चालवतो, त्याला फार सांगावं लागलं नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, त्यानं आतून तापते. त्यात जुनं कडक झालेलं रबर, खाली तापलेलं काँक्रीट, आत सहा माणसं आणि १२० चा वेग. २०२३ मध्ये आरटीओनं समृद्धीवर गाड्यांचे टायर तपासून घासलेले असले तर परत पाठवायला सुरुवात केली, ती उगाच नाही. ‘मी हळू जातो’ म्हणून तिथे भागत नाही. बाकीचे सगळे शंभराच्या पुढे असतात.

तो उभा राहिला, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, “मंग काय छोट्या हत्तीत नेऊ सगळ्याइले? थे घेऊन गेलो तं पोरीवाले मले डायवर म्हनतीन.”

“डायवरच हायेस न तू?”

“मालक हाओ मी, काका.” हे तो जरा चिडूनच बोलला आणि बरोबर बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “काल मामाकडून गाडी घेतली न, पंपावर गेलो. थोच पोरगा, थोच पंप. रोज मले म्हनते, ए छोटा हत्ती, मांगं घे. काल म्हने, या भाऊ, या.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात पॉलिशनं भरलेले होते म्हणून त्यानं स्पीकर लावला. पोरीचे वडील होते. निघाले का, ऊन फार आहे, पाणी सोबत ठेवा, असं सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, “कोणत्या गाडीनं येऊन राह्यले?”

“स्कॉर्पिओ हाय जी.”

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग “बरं, बरं” आणि फोन बंद.

पोराचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, काम झालं.

माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या सोयरिकीला दमणी जुंपून गेले होते आणि बैल शेजारच्या पाटलाचे मागून आणले होते. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा. तेव्हाही पोरीकडचे आधी बैल पाहायचे. म्हणून या पोराला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. ज्या गावात तो राहतो त्या गावानं त्याला हे शिकवलं. माझा राग आहे तो एवढ्यावरच की या दिखाव्यात त्याची आई, बाप, बहीण त्या मागच्या टायरवर बसणार होती.

चार नवे टायर म्हणजे त्याची दोन महिन्यांची कमाई, तीही दुसऱ्याच्या गाडीला. मामांना फोन लावला तर ते म्हणाले, “काही नाई होत, टायर चांगले हायेत माहे.” माझ्याकडे त्याच मापाचे, २३५/६५ आर १७ चे, दोन जुने टायर होते. एका गिऱ्हाइकानं मोठे अलॉय टाकताना काढून दिलेले. २०२२ चे, निम्म्याहून जास्त नक्षी शिल्लक. मी म्हटलं, हे मागे लावून देतो, संध्याकाळी परत आण. ते टायर मागेच लावायचे, यावर त्यानं वाद घातला. पुष्कळ जणांना वाटतं चांगले टायर पुढे हवेत, कारण स्टेअरिंग पुढे असतं. पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ सरकते आणि चालकाला ते लगेच कळतं. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सांभाळायला वेळ मिळत नाही. पुढे पुन्हा समृद्धी नकोच. शेलूबाजार, मालेगावचा जुना रस्ता धर आणि साठच्या वर जाऊ नको. हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं. चारही चाकांत दाराच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरली. पैसे फक्त फिटिंगचे घेतले.

जाताना त्यानं पोरीकडे फोन करून सांगितलं, उशीर होईल, कारंजात टायरसाठी थांबलो.

संध्याकाळी गाडी परत आली, पण सोबत मामाही होते. रागावलेले. त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या गाडीला या पोरानं सेकंडहँड टायर लावले आणि चार लोकांत फिरवली. रस्त्यात कुणी पाहिलं असतं तर? टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते रस्त्यावरून कुणालाच दिसत नाही, हे मी सांगून पाहिलं. भेगा दाखवल्या, खाच दाखवली, तारीख वाचून दाखवली. ते खाली वाकलेच नाहीत. “माहे टायर लावून द्या,” एवढंच. मी लावून दिले, कारण गाडी त्यांची. पण बिलाच्या पावतीवर ‘मागील दोन्ही टायर बाद, बदलणे आवश्यक’ असं लिहून त्यांच्या हातात दिलं. पोरगा बाजूला मान खाली घालून उभा होता.

थोड्या दिवसांनी एक पांढरा सदरा, टोपी घातलेले गृहस्थ एसटीनं उतरून चालत दुकानात आले. गाडी नाही, टायर नाही. पाणी दिलं, बसले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हणाले, “तुमच्याइथं त्या दिवशी एक स्कॉर्पिओ थांबली होती. मेहकरले आली होती पोरगी पाह्याले.”

मी ओळखलं.

“पोराले पाच एकर वावर, तेही कोरडवाहू. अन् गाडी हे. हप्ता कोठून भरत असन? आमच्याकडं एकानं अशीच काढली. दोन वर्षांत फायनान्सवाले दारातून घेऊन गेले. सारं गाव पाह्यत होतं. पोरगी द्याची म्हंजे मले हे पाह्यलं पाह्यजे का नाई?”

म्हणजे त्या फोनवरचं ‘बरं, बरं’ हे असं होतं. जी गाडी पोरानं इज्जत वाढावी म्हणून नेली, तिनंच या माणसाची झोप घालवली होती. गाडी कोणाची, हे माझ्या तोंडावर आलं होतं, पण गिऱ्हाइकाची गोष्ट मी परस्पर सांगत नाही. नंबर टाकला की सरकारी ॲपवर नोंदणीची बरीच माहिती दिसते. तेही मला त्यांना शिकवायचं नव्हतं. जे सांगायचं ते पोरानं तोंडानं सांगायला हवं होतं. मी त्याला फोन लावला. तो बाजार समितीतच होता.

छोटा हत्ती घेऊन आला. पाहुण्यांना पाहून दचकला, उतरून पाया पडला. मी मधे बोललो नाही. त्यानंच सुरुवात केली.

“थे स्कॉर्पिओ मामाची होती जी. माही गाडी हे हाय.”

ते उठले आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. छोटे बारा इंची टायर, चारही सारखे झिजलेले, चारही वॉल्व्हला टोप्या. मागे ताडपत्री घडी करून ठेवलेली, दोर गुंडाळून अडकवलेला. माझ्याकडे येणाऱ्या मालाच्या गाड्यांत चारही टोप्या जागेवर असलेली गाडी क्वचित दिसते.

“हप्ता?”

“मांगच्या दिवाळीत संपला. बँकेचं नाव पण काढलं आरसीवरून.” फॉर्म ३५ भरून ते नाव काढलं त्या दिवशी त्यानं माझ्या दुकानात पेढे वाटले होते. आरसी त्यानं डॅशबोर्डमधून काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली.

“मंग थे कायले आनली?”

“तुमच्या गल्लीत लोक पाह्यतीन म्हनून.”

“पाह्यलं न. साऱ्याइनं पाह्यलं. माहा भाऊ तं लय खूश झाला. मले रात्रभर झोप नाई आली.”

मग त्यांनी महिन्याला काय उरतं ते विचारलं. पोरानं हंगामाचं वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं सांगितलं, आणि जून-जुलैत काहीच उरत नाही हेही सांगितलं. त्यांच्याकडे चाळीत कांदा होता. अमरावतीला न्यायचं भाडं किती, असं त्यांनी विचारलं. पोरानं एक नजर माझ्याकडे टाकली आणि जे सगळ्यांना सांगतो तेच भाडं सांगितलं. होणारे सासरे म्हणून एक रुपया कमी केला नाही. मला तो पोरगा त्या घडीला फार आवडला. त्यांनाही आवडला असावा, कारण घासाघीस करायला ते लगेच स्टुलावर नीट बसले आणि मला चहा सांगा म्हणाले.

सोयरीक जमली. लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. मामा वरातीसाठी स्कॉर्पिओ देणार आहेत म्हणे. ते रस्त्यात भेटले की मी अजून सांगतोच, चार नको तर नको, निदान मागचे दोन तरी बदला.