भर पावसात वायपर बंद पडले तेव्हा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास मी, ताई आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा घरी परत येत होतो, पाऊस असा की वायपर फास्टवर ठेवूनसुद्धा समोरचं जेमतेम दिसत होतं, आणि अचानक दोन्ही वायपर काचेच्या मधोमध थांबले. बाकी सगळं चालू, हेडलाइट चालू, एसी चालू, गाणी चालू, फक्त वायपर बंद. दोन सेकंदात काचेवर पाणीच पाणी आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे नुसते पसरल्यासारखे दिसायला लागले.

अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जोरात जातो, तेच करायचं नाही, कारण मागच्याला तुमचे वायपर बंद पडलेत हे कुठे माहिती असतं. मी ॲक्सिलरेटर सोडला, इंडिकेटर दिला, ताईने तिकडची काच खाली करून रस्त्याची कड बघून सांगितली आणि तशीच हळूहळू गाडी कडेला घेतली. पुढे थोडी मोकळी जागा होती म्हणून रस्त्यापासून पूर्ण आत घेता आली. तशी जागा नसती तर मी पोराला पावसात भिजवलं असतं पण गाडीत बसू दिलं नसतं. रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीत बसून राहणं हे दिसतं तेवढं सुरक्षित नाही. चारही इंडिकेटर चालू करायचे, रहदारी नाही त्या बाजूच्या दारातून सगळ्यांनी उतरायचं, आणि कठडा असेल तर कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून लांब उभं राहायचं. गाडीच्या मागे उभं राहून डिकीत काहीतरी शोधत बसणं सगळ्यात वाईट.

ट्रायंगल, म्हणजे मागच्यांना सावध करायला ठेवतात तो लाल चमकता त्रिकोण, त्याच्याबद्दल पण सांगते, कारण बरेच जण तो गाडीच्या मागे पाच पावलांवर ठेवतात. ८० च्या स्पीडने येणारी गाडी एका सेकंदात साधारण २२ मीटर येते, म्हणजे ट्रायंगल ५० मीटर मागे ठेवला तरी त्या ड्रायव्हरला जेमतेम सव्वादोन सेकंद मिळतात. जाताना उघडलेला ट्रायंगल अंगासमोर धरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं. आणि जिथे गाड्या फारच जोरात जातात तिथे ट्रायंगल ठेवायला जाणंच जिवावर बेतू शकतं, तिथे तो नाद सोडून पलीकडे जाऊन मदत बोलवायची.

आता फ्यूज. बाकी सगळं चालू आणि एकच गोष्ट अचानक बंद, तर आधी तिचा फ्यूज बघायचा. बहुतेक गाड्यांत फ्यूज बॉक्स दोन असतात, एक डॅशबोर्डच्या खाली आणि एक बोनेटमध्ये बॅटरीच्या आसपास. कुठला फ्यूज कशाचा हे झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. त्याचा फोटो आजच काढून मोबाईलमध्ये ठेवा, अंधारात ती बारीक चित्रं वाचता येत नाहीत. भाच्याला टॉर्च धरायला दिला, त्याने तो इतका स्थिर धरला की मला कौतुक वाटलं. गाडी बंद, किल्ली बाहेर, वायपरचा स्विच पण बंद (हे महत्त्वाचं, नाहीतर फ्यूज बसवून किल्ली फिरवली की वायपर लगेच धावतात), आणि बॉक्समध्येच असलेल्या छोट्या प्लास्टिकच्या चिमट्याने वायपरचा पिवळा फ्यूज ओढून काढला.

टॉर्चसमोर धरला की कळतं. आत पारदर्शक प्लास्टिकमधून एक वाकडी पट्टी एका पात्यापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली दिसते, ती मध्येच तुटलेली असली की फ्यूज उडालाय. तुटलेली जागा कशी दिसते तेही बघा. पट्टी नुसती मधून वितळून तुटली असेल तर बहुतेक वेळा लोड जास्त झालेला असतो, आणि प्लास्टिक आतून काळं झालं असेल, धातूचे शिंतोडे उडालेले असतील, तर वायर कुठेतरी सरळ शॉर्ट झालीय असं समजायचं. माझा स्वच्छ तुटलेला होता.

झाकणात स्पेअर फ्यूज होते त्यात २० चा, म्हणजे २० अँपिअरचा, पिवळा एकच होता. तो बसवला, वायपर लावले, चार वेळा फिरले आणि परत बंद.

आता स्पेअरमध्ये उरला होता ३० चा हिरवा. ताई म्हणाली, "अगं तो घाल ना, घरापर्यंतच जायचंय, उद्या बदलून घे." ती चुकीचं बोलत होती असं नाही, तिथे भिजत उभं असलेल्या कुणालाही हेच सुचेल. पण मी नाही घातला आणि आज परत तीच वेळ आली तरी घालणार नाही. फ्यूज वायपरच्या मोटरला वाचवायला असतो असं आपल्याला वाटतं, खरं तर तो मुख्यतः वायरला वाचवायला असतो. डॅशबोर्डच्या आतून, गालिच्याखालून जी वायर जाते ती ठराविक करंटच्या हिशोबानेच जाड केलेली असते. आणि वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे करंट दीडपट झाला तर उष्णता सव्वादोन पट, तिप्पट झाला तर नऊपट. मोठा फ्यूज घातला की तो उडत नाही, मग त्याच्याऐवजी वायर जळते, आणि ती जळते तुम्हाला न दिसणाऱ्या जागी. सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, तार घालणं, हे तर करूच नका प्लीज, त्याने तुमच्या पोराबाळांच्या पायाखाली आग लागू शकते.

म्हणून मी बोनेट उघडलं. एकदा फ्यूज गेला तर तो जुना होता, कमजोर झाला होता असं म्हणता येईल, पण चार फेऱ्यांत दुसराही गेला म्हणजे काहीतरी अडलंय. आणि अडलेलं होतंच. काचेच्या खालच्या जाळीत ओली पानं गच्च भरली होती आणि बोटाएवढी एक काडी वायपरच्या दांडीच्या सांध्यात तिरकी घुसली होती. मोटर जोर लावायची, दांडी हलायची नाही, आणि फिरायला न मिळालेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. काडी काढली, मूठ मूठ पानं काढली. मग चार्जिंग सॉकेटचा फ्यूज पण २० चाच आहे हे चार्टवर दोनदा बघून तो काढला आणि वायपरच्या जागी लावला. फोन चार्ज नाही झाला तरी चालतं, वायपर नसले तर नाही चालत. घरापर्यंत वायपर नीट चालले.

ही उसनवारी लक्षात ठेवा. सॉकेट, ऑडिओ, सीट गरम करायचं बटण, असल्या बिनमहत्त्वाच्या जागेवरून त्याच नंबरचा, त्याच साइजचा फ्यूज घेता येतो. रंग बहुतेक ठरलेले आहेत, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा, पण वरचा आकडा वाचूनच घ्या.

कधी कधी तर फ्यूजचा संशयसुद्धा येत नाही. स्टार्टर नीट फिरतोय पण पेट्रोल गाडी चालूच होत नाही, तेव्हा किल्ली ऑन करून शांतपणे मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद हलकी घूं ऐकू येते का बघा, नाही आली तर फ्यूल पंपाचा फ्यूज किंवा रिले (फ्यूज बॉक्समधला चौकोनी डबीसारखा इलेक्ट्रिक स्विच) बघायचा. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले तसाच असतो, नंबर तंतोतंत जुळला तर तात्पुरती अदलाबदल करता येते. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पी (पार्किंग) मधून निघतच नाही, आणि मागे ब्रेक लाइट पण लागत नाही, तर ब्रेक लाइटचा फ्यूज गेलेला असू शकतो. सॉकेट बंद पडलं तर आत टॉर्च मारून बघा, चार्जरचं टोक तुटून किंवा नाणं पडून शॉर्ट झालेलं असू शकतं. हात घालण्याआधी फ्यूज काढा.

काही गोष्टींना मात्र अजिबात हात लावायचा नाही. बॅटरीजवळचे नटबोल्टने बसवलेले मोठे फ्यूज, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी रंगाच्या वायरी, आणि एअरबॅगच्या वायरी. जळका वास किंवा धूर आला तर इंजिन बंद, सगळे बाहेर, लांब, आणि बोनेट उघडायला जाऊ नका कारण उघडलं की हवा मिळून आग भडकते. फायर ब्रिगेडला फोन करा, गाडीचं नंतर बघू.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने वायपरची मोटर तपासली, मोटर ठीक होती, सांध्यात ग्रीस घातलं आणि सॉकेटचा फ्यूज परत जागेवर लावला. आता पावसाआधी मी ती काचेखालची जाळी हाताने साफ करते, आणि झाडाखाली गाडी उभी राहिली असेल तर पावसात पण. झाकणातल्या खाचांमध्ये २० चे दोन आणि १०, १५ चे दोन-दोन नवीन घालून ठेवलेत. भाचा अजून गाडीत बसला की विचारतो, "मावशी, पिवळे आहेत ना?"